सलामीला कोण?

गेल्या डिसेंबरात माझा भाचा कॅलिफोर्नियाहून तीन आठवड्यांसाठी बेळगावला आला. पहिले दोन दिवस झोपण्यात गेले, तिसऱ्या दिवशी कुंदा खाण्यात, आणि चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर स्वारी जेवणाच्या टेबलावर कागदाचे तुकडे मांडून बसलेली. प्रत्येक तुकड्यावर आकडे, नाव एकावरही नाही.

"काय करायलास रे?" माझ्या वडिलांनी विचारलं.

"आजोबा, बेसबॉलची टीम करायलोय. तुम्ही पण या."

आमच्याकडे टीम निवडायची म्हटली की क्रिकेटची. बाबांनी रणजीच्या कितीतरी टीम्स या टेबलावर निवडल्या आहेत आणि निवड समितीला नावं ठेवली आहेत. पण बेसबॉल? तिकडे मार्चअखेर सुरू होणारा मोसम ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपतो. मग थंडीच्या महिन्यांत मैदानं रिकामी आणि डोकी गरम. कोण सोडून जाणार, कोणाला घ्यायचं, पुढच्या वर्षी फलंदाजीला पहिला कोण जाणार, यावर माणसं आकडे घेऊन भांडतात. भाचा राहतो ओकलंडजवळ. तिथली ‘अ‍ॅथलेटिक्स’ ही टीम २०२४ चा मोसम संपवून शहर सोडून गेली. २६ सप्टेंबर २०२४ ला तिथला शेवटचा सामना झाला, टेक्सासविरुद्ध ३-२ असा जिंकला, आणि हा पठ्ठ्या तिथे बसून रडला म्हणे. टीम गेली तरी सवय गेली नाही. दर डिसेंबरात तो त्याच टीमचा जुना एक हिवाळा उघडून बसतो, २००१ चा.

खेळ आधी थोडक्यात सांगतो. एका बाजूचे नऊ डाव, प्रत्येक डावात तीन बाद. म्हणजे सगळ्या सामन्यात तुमच्याकडे खर्चायला २७ ‘बाद’ असतात. षटकं नाहीत, वेळेची अट नाही. २७ संपले की संपलं. नऊ जण ठरलेल्या क्रमाने फलंदाजीला येतात आणि नववा झाला की पुन्हा पहिला येतो. चेंडू टोलवून पहिल्या टप्प्यावर, म्हणजे ‘बेस’वर पोचता येतं. गोलंदाजाने चार चेंडू भलतीकडे टाकले आणि फलंदाजाने त्यांना हात लावला नाही, तरी पहिला टप्पा फुकट मिळतो. याला ‘वॉक’ म्हणतात.

गंमत अशी की, बेसबॉलची शंभर वर्षांहून जुनी सरासरी या वॉकला मोजतच नाही. टोलवून पोचलात तर गुण, सोडून पोचलात तर हिशेबातच नाही. ‘किती वेळा बाद न होता बेसवर पोचला’ हे सांगणारा आकडा अधिकृत आकडेवारीत आला तो १९८४ साली.

भाच्याने दोन तुकडे बाबांपुढे सरकवले. "हा क. वय २८. सरासरी ०.२५६. वाऱ्यासारखा पळतो, वर्षात २७ बेस चोरलेत. बेसवर पोचतो शंभरात ३२ वेळा. आणि हा ख. वय २७. सरासरी ०.२८३. पळायला जड, क्षेत्ररक्षणात कच्चा. पण शंभरात ३९ वेळा पोचतो. सलामीला कोण?"

"क," बाबा क्षणात म्हणाले. "सलामीवीर चपळ पाहिजे. पळवत ठेवायला पाहिजे समोरच्याला."

मीही कच म्हणालो. खरं सांगायचं तर ‘पळायला जड’ हे दोन शब्द ऐकले आणि ‘ख’चे बाकीचे आकडे मला दिसलेच नाहीत.

आमची सौ. धारवाडची. घरात कन्नड बोलत वाढलेली, भिशीचा हिशेब गेली बारा वर्षं तिच्याकडे. भाजी निवडता निवडता म्हणाली, "लेक्क काय सांगतंय ते बघा की. पळणार कधी? आधी पोचायला नको का तिथं?"

भाचा टेबलावर हात आपटून हसला. "मामी, तुम्ही ओकलंडला नोकरी करा!"

मग त्याने नावं सांगितली. ‘क’ म्हणजे जॉनी डेमन, ‘ख’ म्हणजे जेरेमी जियांबी, दोघेही २००१ च्या ओकलंडचे. त्या वर्षी टीमने १०२ सामने जिंकले होते. मोसम संपल्यावर तिचे तीन मोठे खेळाडू गेले. जेरेमीचा थोरला भाऊ जेसन जियांबी हा टीमचा खांब. त्याची सरासरी ०.३४२, बेसवर पोचण्याचा आकडा ०.४७७. त्याला न्यूयॉर्कच्या यांकीजनी सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर दिले. डेमन चार वर्षांच्या ३ कोटी १० लाखांवर बॉस्टनला गेला. शेवटचे डाव टाकणारा गोलंदाज जेसन इस्रिंगहाउझन सेंट लुइसला गेला. २००२ साली ओकलंडचा सगळ्या खेळाडूंच्या पगाराचा खर्च होता साधारण ४ कोटी, यांकीजचा १२ कोटींच्याही वर.

आता बोला, कोणाला घ्याल?

टीमचा व्यवस्थापक बिली बीन आणि त्याचा सहायक पॉल डीपोडेस्टा यांनी प्रश्नच बदलला. जियांबीसारखा दुसरा माणूस परवडणार नव्हताच. मग तो ज्या धावा घडवत होता त्या दोन-तीन माणसांत वाटून विकत घेता येतील का? त्यांनी उलटा हिशेब मांडला. पुढच्या फेरीत जायला साधारण ९५ विजय लागतात. ९५ विजयांसाठी वर्षभरात दिलेल्या धावांपेक्षा सुमारे १३५ धावा जास्त काढाव्या लागतात. त्या धावा सर्वांत स्वस्त कुठे मिळतील? तर वॉक घेणाऱ्या माणसांत, कारण बाजार त्याला किंमत देत नव्हता.

या विचाराचं मूळ एका राखणदाराकडे जातं. बिल जेम्स नावाचा माणूस कॅन्ससमध्ये डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीला राखण करायचा आणि जागं राहताना बेसबॉलचे आकडे मांडायचा. १९७७ पासून तो आपली पुस्तिका स्वतःच छापून विकू लागला. डोळ्यांना जे दिसतं ते खरंच घडतं का, हे तो तपासत होता.

भाच्याच्या टेबलावरचा माझा आवडता तुकडा ‘ग’ होता. वय ३२. यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा कॅचर. कोपराच्या शिरेला इजा, चेंडू नीट फेकता येत नाही. २००१ ची सरासरी ०.२४५. जुन्या टीमने दुसऱ्या टीमला दिला, त्या टीमने लगेच करार न करता मोकळा केला.

"याला कोण घेणार?" बाबा म्हणाले. "कॅचर आणि फेकता येत नाही?"

हा स्कॉट हॅटेबर्ग. त्याला ओकलंडने वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत घेतलं. का? तर चेंडू सोडण्याचा त्याचा संयम दांडगा होता. फेकायचं नसलं तर फेकू नकोस, पहिल्या बेसवर उभा राहा, म्हणाले. तिथे तो आयुष्यात उभा राहिलेला नव्हता. घराजवळच्या टेनिस कोर्टावर बायको त्याच्याकडे जमिनीलगत चेंडू मारायची आणि हा अडवायचा. पुढे रॉन वॉशिंग्टन या प्रशिक्षकाने त्याला घडवलं.

इथे मला आपला राहुल द्रविड आठवला. इंदुरात जन्मलेला, बंगळुरात वाढलेला, घरी मराठी बोलणारा हा गडी आपल्यासारख्या घरांना दोन्हीकडून आपला वाटतो. २००३ च्या विश्वचषकात एक फलंदाज जास्त खेळवता यावा म्हणून त्याच्या हातात यष्टिरक्षणाचे ग्लोव्ह्ज दिले. हॅटेबर्गच्या हातातले तसलेच काढून घेतले, तेही त्याची फलंदाजी टीममध्ये राहावी म्हणूनच. आणि सोडण्याचं म्हणाल तर कसोटीत द्रविडने ३१,२५८ चेंडू खेळून काढले, इतके दुसऱ्या कुणीच नाही. त्यातले किती नुसते सोडले असतील! बाबा मात्र त्या काळात टीव्हीसमोर ओरडायचे, "अरे मार की!" याची आठवण सौ.ने करून दिली तेव्हा त्यांनी चहा मागितला.

मग आमचं गाडं अंदाजावर आलं. मागच्या वर्षीचे आकडे पुढच्या वर्षी तसेच राहतील कशावरून? भाच्याने एक सोपी रीत दाखवली. टॉम टँगो या अभ्यासकाची ही रीत, तिचं नाव ‘मार्सेल’. टीव्ही मालिकेतल्या एका माकडाचं हे नाव, कारण माकडालाही जमावी इतकी ती साधी. शेवटच्या तीन वर्षांचे आकडे घ्यायचे. ताज्या वर्षाला पाच भाग वजन, त्याआधीच्याला चार, त्याआधीच्याला तीन. मग ते सगळ्या खेळाडूंच्या सरासरीकडे थोडे ओढायचे. वय २९ च्या आत असेल तर किंचित वर, पुढे असेल तर किंचित खाली. झाला अंदाज.

‘सरासरीकडे ओढायचे’ हे बाबांना पटेना. मला मात्र पटलं, कारण मी वर्गात रोज पाहतो. सहामाहीला ९२ पाडणारा मुलगा वार्षिकला बहुतेक ८५ वर येतो. तो बिघडला म्हणून नव्हे. त्या ९२ मध्ये थोडं नशीब होतं, त्याने वाचलेलाच प्रश्न आला होता. जितक्या कमी परीक्षा, तितका नशिबाचा वाटा जास्त.

"म्हणजे तुमचं ज्योतिषच," बाबा म्हणाले.

"ज्योतिषी चुकलेलं मोजत नाही आजोबा. आम्ही मोजतो."

क्रमवारीबद्दल त्याने सांगितलेली गोष्ट तर आम्हा दोघांनाही पचली नाही. इतकं डोकं खाऊन केलेल्या उत्तम क्रमवारीत आणि रूढ क्रमवारीत फरक पडतो तो १६२ सामन्यांत १० ते १५ धावांचा, जेमतेम एका विजयाचा. पण सलामीच्या माणसाला सगळ्यांत जास्त वेळा बॅट मिळते आणि एक क्रमांक खाली गेलात की वर्षाला पंधरा-अठरा संधी कमी होतात, म्हणून तिथे बाद न होणारा बसवायचा. ओकलंडने २००२ च्या सुरुवातीला खरोखर जड पायाच्या जेरेमीला सलामीला पाठवलं. लोक हसले.

आणि टीम हरू लागली. मे महिन्यात जेरेमीला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं. "बघ," बाबा म्हणाले. पण ऑगस्टात टीम जिंकायला लागली ती थांबेना. १९ सामने सलग जिंकले. ४ सप्टेंबर २००२ ला कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० ची आघाडी होती, ती ११-११ वर आली. नवव्या डावात बदली फलंदाज म्हणून हॅटेबर्ग आला आणि त्याने चेंडू मैदानाबाहेर मारला. १२-११. सलग विसावा विजय. अमेरिकन लीगचा हा विक्रम पुढे २०१७ साली क्लीव्हलँडने २२ विजयांनी मोडला. वर्षअखेर ओकलंडचे विजय १०३. यांकीजचेही १०३.

बाबा इतक्याने हार मानणारे नव्हेत. दुसऱ्या दिवशी भाच्याच्याच लॅपटॉपवर बसून त्यांनी माहिती काढली. त्या वर्षी ओकलंडचा बॅरी झिटो २३ सामने जिंकून लीगचा सर्वोत्तम गोलंदाज ठरला होता. सोबत टिम हडसन आणि मार्क मल्डर. सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळालेल्या मिगेल तेहादाने ३४ होमरन मारले होते आणि वॉक घेतले होते जेमतेम ३८. "तुझ्या सोडणाऱ्यांनी जिंकलं की मारणाऱ्याने आणि गोलंदाजांनी?" भाचा गप्प झाला. शिवाय पुढच्या फेरीत ही टीम मिनेसोटाकडून हरली, पाच सामन्यांची मालिका, २-३. आणि बाबांचा ‘क’, तो डेमन, २००४ साली बॉस्टनच्या टीममधून विजेता झाला, ८६ वर्षांनी बॉस्टनला विजेतेपद मिळालं तेव्हा. त्या बॉस्टनच्या कचेरीत २००३ पासून बिल जेम्स नोकरीला होता, हे भाच्याने हळूच सांगितलं.

आता माझी गोष्ट. ती लिहावी की नाही, याचा विचार आठवडाभर केला.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी कॉलेजच्या क्रिकेट निवडीवर होतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकच फलंदाज घ्यायचा राहिला होता. एक मुलगा खानापूरकडच्या खेड्यातून बसने यायचा. उभा राहायचा वाकडा, बॅट धरायचा कुऱ्हाडीसारखी. दुसऱ्याचा कव्हर ड्राइव्ह पाहावा असा. मी दुसऱ्याचं नाव लिहिलं. पहिल्याला सांगितलं, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी तो आलाच नाही, कॉलेजही सोडलं.

त्या वर्षीची सराव सामन्यांची स्कोअरबुकं माझ्याच कपाटात होती. भाच्याने मागितली म्हणून काढली. दोघांचे आठ-आठ डाव. कव्हर ड्राइव्हवाल्याच्या १९६ धावा, त्यातल्या ९० एकाच डावात, आणि सात वेळा बाद. खानापूरवाल्याच्या २१२, आणि चारच वेळा बाद.

"आठ डाव म्हणजे काहीच नाही, मामा," भाचा म्हणाला. "तुमचा मार्सेल दोघांनाही मध्याकडे ओढेल. पण मग तुम्ही ठरवलंत कशावरून?"

मी काही बोललो नाही. सौ. कागद बघत होती, तीही बोलली नाही.

भाचा गेल्यावर जानेवारीत एका रविवारी मी खानापूरला गेलो. त्याचं मोटरसायकलच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे हे ऐकून होतो. त्याने ओळखलं, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी पिशवीतून स्कोअरबुक काढलं आणि जे सांगायचं होतं ते अडखळत सांगितलं. त्याने वही हातात घेतली, ग्रीसचा डाग पडू नये म्हणून बोटं शर्टाला पुसली आणि पानं उलटत शेवटच्या सामन्यावर थांबला. तिथे त्याच्या नावापुढे ३४ नाबाद असं लिहिलेलं आहे.

"सर, हे ३६ आहेत," तो म्हणाला. "ते दोन बॅटला लागून गेले होते. स्कोअररनं लेगबाय लिहिले."