घोरपडीला पचते, आपल्याला नाही

उसावरच्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी १९३५ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये मोठे भेक, म्हणजे खरखरीत कातडीचे विषारी बेडूक, आणून सोडले गेले. भुंगेरे राहिले बाजूला, भेकच दूरवर पसरले. त्यांना खाणारे दोन शिकारी मात्र मोठ्या संख्येने मेले. एक आपल्या घोरपडीची चुलतबहीण, दीड मीटरपर्यंत वाढणारी, थंड रक्ताची. दुसरा क्वोल. हा कांगारूसारखा पिशवीवाल्या सस्तन प्राण्यांपैकी, उष्ण रक्ताचा, वजनाने जेमतेम किलोभर.

इतके वेगळे प्राणी एकाच घासाने का मेले? हृदयाच्या पेशीत सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा सूक्ष्म पंप असतो. तो दोघांतही जवळपास सारखाच. भेकाचे विष नेमका तो बंद पाडते. ठोके अनियमित होतात आणि हृदय थांबते.

आशियात भेक पूर्वापार आहेत. त्यामुळे इथल्या घोरपडींच्या पंपात पिढ्यान्‌पिढ्या मोजके बदल टिकून राहिले आणि विषाची पकड सैल झाली. ऑस्ट्रेलियातल्या घोरपडींकडे हे संरक्षण नव्हते.

माणूस या बाबतीत क्वोलच्याच रांगेत बसतो. हृदयविकारात दिले जाणारे डिगॉक्सिन याच पंपावर काम करते, म्हणून त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. आपल्या कुंपणाला आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर फुलणारी कण्हेर, तसेच पिवळ्या फुलांची बिट्टी, यांत त्याच जातीचे विष आहे. वाळवून किंवा उकळूनही ते जात नाही. त्यामुळे मुळीचा काढा ‘घरगुती औषध’ म्हणून कधीही घेऊ नये.

मुलाने बी चावल्याची किंवा कुणी ते मुद्दाम खाल्ल्याची शंका आली, तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा, झाडाचा तुकडा सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. सुरुवातीला फक्त मळमळ, उलट्या, पोटदुखी असते. ठोके काही तासांनीही बिघडू शकतात, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून रुग्णाला घरी नेऊ नका. ईसीजीवर देखरेख लागते.

आणि घोरपड खाल्ल्याने तिची ही ताकद आपल्यात येत नाही. ती तिच्या जनुकांत आहे, मांसात किंवा तेलात नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिची शिकार हा गुन्हा आहे.