स्पॅनिश पाद्र्याचा आरंभ व मार्शलचा हल्ला

बुद्धिबळांतील ‘रुय लोपेझ’ हा आरंभ एका स्पॅनिश पाद्र्याच्या नांवानें ओळखला जातो. १५६१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें त्याचें विवेचन केलें. तिसऱ्या खेळीस पांढऱ्याचा उंट काळ्याच्या घोड्यावर रोखला जातो, कारण राजापुढील प्याद्याचा राखणदार तोच.

१९१८ सालीं न्यूयॉर्कच्या स्पर्धेंत कापाब्लांकानें मार्शलविरुद्ध हाच आरंभ योजिला. आठव्या खेळीस मार्शलनें वजिरापुढील प्यादें दोन घरें ढकलून राजापुढचें प्यादें बळी देऊं केलें. हा हल्ला आधींच योजून ठेविलेला आहे, हें कापाब्लांकानें ताडलें. तरी प्यादें घेतलेंच! आमच्या मतें डावाचें सारें मर्म या निर्णयांत आहे. पंधराव्या खेळीस काळ्याचा घोडा राजाच्या शेजारचें प्यादें मारून तेथेंच बसला. तो वजिरानें मारण्याचा मोह कोणास झाला नसता? पण तसें करितां उंटाचा शह बसून डाव फिरला असता. कापाब्लांकानें हत्ती एक घर पुढें सारून घोड्यासच पेंचांत धरिलें. हल्ला ओसरला, व छत्तिसाव्या खेळीस तो जिंकला.

मौज ही, कीं मार्शल हरला तरी त्याची चाल टिकली. अकराव्या खेळीस त्यानें घोडा मागें घेतला होता; पुढील खेळाडू तो न हलवितां त्यास प्याद्याचा आधार देऊं लागले. आजही पांढरीं मोहरीं घेऊन बसलेले कित्येक नामांकित खेळाडू हा हल्ला टाळण्यासाठीं आठव्या खेळीसच वाट बदलतात.