भाजणे, विरणे, वाळणे : रासायनिक अभिक्रियांच्या परिभाषेचा पहिला पाठ

‘संयोग म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर सातवीतील विद्यार्थी बिनचूक देतो. परंतु कळीच्या चुन्यावर पाणी पडून वाफा निघू लागल्या, की हाच तो संयोग, हे त्याच्या ध्यानात येत नाही. याचे एक कारण असे की, अशा घटनांना घरीदारी अगोदरच दुसरी नावे मिळालेली असतात आणि ती पुष्कळदा दिशाभूल करतात. चुनखडी भाजली, चुना विरवला, भिंतीवरचा चुना वाळला, असे गवंडी म्हणतो. या तिन्ही क्रियापदांत एकेक रासायनिक अभिक्रिया दडलेली आहे. परिभाषेचा आरंभ तेथून करावा.

भट्टीत जळतो तो कोळसा. दगड जळत नाही. सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानास चुनखडीपासून, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटपासून, कळीचा चुना व कार्बन डायऑक्साइड वायू असे दोन पदार्थ होतात. एकाचे दोन होणे हे अपघटन. चुनखडी हा अभिक्रियाकारक. उरलेली दोन उत्पादिते. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीपासून ५६ ग्रॅम कळीचा चुना मिळतो. ‘बाकीचे ४४ ग्रॅम कोठे गेले?’ असे फळ्यावर लिहून शिक्षकांनी थोडा वेळ गप्प राहावे. ‘जळून गेले’ हे उत्तर बहुधा येईलच. ते लगेच खोडू नये. वजनातील ही घट निसटलेल्या वायूची असते, हे स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तराजूच्या साहाय्याने दाखविले होते.

‘विरणे’ हा शब्द अधिक फसवा आहे. तो ऐकून विद्यार्थ्यास साखर विरघळणे आठवते. वस्तुतः विरलेला चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅमसुद्धा नाही. ५६ ग्रॅम कळीचा चुना १८ ग्रॅम पाण्याशी संयोग पावतो आणि ७४ ग्रॅम नवा पदार्थ, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. या वेळी उष्णता बाहेर पडते, म्हणून ही अभिक्रिया उष्मादायी. भट्टीतील अभिक्रियेस उष्णता सतत पुरवावी लागते, म्हणून ती उष्माग्राही. कळीचा चुना विरवण्याचे काम मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. उसळलेला चुना डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. पानाच्या डबीतील चुनाही डोळ्यांस तितकाच घातक आहे, हे मुलांस निक्षून सांगावे. चुना डोळ्यांत गेल्यास ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे व विनाविलंब दवाखाना गाठावा.

तिसऱ्या क्रियापदास सर्वाधिक वेळ द्यावा. धोतर वाळते तेव्हा केवळ पाणी जाते. भिंतीवरचा चुना वाळताना पाणी जाते हे खरे, पण त्याबरोबरच हवेतील कार्बन डायऑक्साइड चुन्यात येतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी बनते. येथे दोन अभिक्रियाकारक असले, तरी चुनखडीबरोबर पाणीही निर्माण होत असल्यामुळे यास संयोग म्हणू नये. हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा : ७४ आणि ४४ मिळून ११८; त्यांतील १८ ग्रॅम पाणी, उरली १०० ग्रॅम चुनखडी. भट्टीत गेली होती तेवढीच.

चुन्याच्या निवळीत नळीने श्वास फुंकला असता हीच अभिक्रिया दोन-चार मिनिटांत दिसते. निवळी दुधाळ होते व खाली साका बसतो. त्यास अवक्षेप म्हणावे. नळीतून निवळी तोंडात ओढली जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. फार वेळ फुंकल्यास दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो. तेव्हा वेळीच थांबावे, नाहीतर वर्गात गोंधळ उडतो.

जुन्या भिंतीवरील चुन्याच्या पापुद्र्यावर लिंबाचा रस टाकल्यास बुडबुडे येतात. ताज्या, झाकून ठेवलेल्या चुन्यावर ते जवळजवळ येत नाहीत. शहाबादी फरशीच्या तुकड्यावरही येतात, कारण तो चुनखडीचाच दगड आहे. फळ्यावरचा खडू मात्र या प्रयोगास घेऊ नये. पुष्कळ खडू जिप्समचे असतात. त्यांवर काहीच घडत नाही.