काळविटामागे चित्ता

पाळलेल्या चित्त्याकरवी काळविटाची शिकार करणे हा कोल्हापूर संस्थानातला एक मोठा राजशिकारीचा प्रकार होता. छत्रपती शाहू महाराज (1874–1922) आणि त्यांच्यामागून गादीवर आलेले राजाराम महाराज (1897–1940) यांच्या कारकिर्दीत दरबारी चित्ते बाळगले जात आणि त्यांची देखभाल करणारे चित्तेवान पदरी असत. पद्धत अर्थात फार जुनी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मृगयेच्या प्रकारांत चित्त्याची शिकारही वर्णिली आहे. मोगलांनी तिला मोठा थाट दिला आणि पुढे ती संस्थानिकांकडे आली.

या शिकारीला जंगल चालत नाही. कोल्हापूरच्या पश्चिमेचा राधानगरी-दाजीपूरचा पट्टा दाट झाडीचा, गव्यांचा. तिथे चित्ता सोडला तर तो पहिल्या जाळीपाशीच अडेल. चित्त्याला लागतो उघडा माळ, आणि काळविटालाही तोच लागतो. त्यामुळे ही शिकार सह्याद्रीकडे पाठ करून पूर्वेच्या कमी पावसाच्या, गवताळ मुलखात चाले. मुक्कामाच्या जागेपासून सकाळी निघून माध्यान्हीपर्यंत परतता येईल अशी राने त्यासाठी सोयीची. पावसाळ्यात काळी जमीन गाडीची चाके धरून ठेवते आणि उभ्या पिकात हरणे दिसतही नाहीत. शाळू निघाला, कडबा गंजीला लागला, की मात्र शिवारच्या शिवार मोकळे होते. हंगामाच्या या उतरत्या दिवसांत जमीन कडक असते आणि नजर लांबवर पोहोचते. अडचण एवढीच की कळपालाही तितकेच लांबचे दिसते. शिवाय ऊन चढले की चित्ता धावायला नाखूश होतो, म्हणून काम सकाळीच उरकावे लागे.

शिकारीचा चित्ता बछडा असताना धरून वाढवलेला नसे. सावज निवडणे, दबा धरणे, पाडणे हे बछडा आईबरोबर हिंडून शिकतो, आणि माणसाला ते शिकवता येत नाही. म्हणून रानात शिकार करून पोट भरणारा पुरा वाढलेला चित्ताच पकडत. चित्ते ठरावीक झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतात, खोडावर मुताच्या खुणा ठेवतात, बुंध्याशी नखे ओढतात. पारधी अशी झाडे हेरून भोवती तातीचे फासे लावीत. शाहू महाराजांनी ज्या फासेपारध्यांना आश्रय आणि काम दिले, त्यांच्या जमातीचे हे पिढीजात कसब. हरणाजवळ जाताना शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने सरकणे हेही त्यांचेच. पुढे गाडीच्या आडून चित्ता नेण्यातही हेच तत्त्व दिसते.

बंदिवासात चित्त्याची वीण होत नसे. अकबराने शेकड्यांनी चित्ते बाळगले, पण त्यांच्यात जोड लागली नाही. जहांगीराने आपल्या आठवणींत एकच अपवाद नोंदवला आहे: एक नर गळ्यातला पट्टा सुटून मादीपर्यंत पोहोचला आणि अडीच महिन्यांनी तीन बछडे झाले. म्हणजे पाळलेला प्रत्येक चित्ता हा रानातून कमी झालेला एक चित्ता होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशी चित्ता मिळेनासा झाला. तेव्हा 1918 ते 1945 या काळात कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. कोल्हापूरच्या माळावर त्या काळात काळविटांमागे धावले ते बहुतेक आफ्रिकेतले चित्ते होते.

नव्याने धरलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला खाटेवर किंवा खुंटाला बांधून ठेवीत. अंधारात तो शांत राहतो. मग दिवसचे दिवस त्याच्याजवळ बसून बोलत राहायचे, अंगावरून हात फिरवायचा, खाणे हातानेच द्यायचे. वर्दळीच्या जागी, बायामाणसांच्या बोलण्यात, पोरांच्या गलक्यात त्याला ठेवीत, म्हणजे माणसाच्या आवाजाची भीती जाई. काही महिन्यांत तो दोरीने चालू लागे, गाडीवर चढू लागे. वाघ-बिबट्याच्या मानाने चित्ता माणसाला लवकर रुळतो. तो डरकाळी फोडत नाही. खुशीत असला की मांजरासारखा गुरगुरतो. मात्र तो रुळतो ठरावीक माणसांना. म्हणून चित्तेवानाची नेमणूक जनावरागणिक असे, आणि काही चित्तेवान आपल्या जनावराशेजारीच झोपत.

शिकारीच्या आदल्या दिवशी चित्त्याचे खाणे हात राखून देत. सकाळी टोपी घालून, कमरेला आणि गळ्याला दोरी बांधून त्याला गाडीवर बसवीत. बैलगाडी वापरण्यामागे नेमका हिशेब होता. शेतातून जाणारी गाडी हरणे रोज पाहतात. पायी चालणारा माणूस दिसताच जो कळप उधळतो, तो गाडीकडे मान वर करून बघतो आणि पुन्हा चरायला लागतो. तरीही गाडी थेट कळपावर नेली तर खेळ संपला. ती तिरकी हाकायची, जणू पलीकडच्या वाटेला निघाली आहे, आणि वळसा थोडा थोडा आवळत आणायचा. कुणी खाली उतरायचे नाही, बोलायचे नाही. आपला टापू राखत कळपापासून जरा बाजूला उभा असलेला काळा नर सापडला, तर ते सर्वांत सोयीचे. शंभर-दीडशे पावलांच्या आत येईपर्यंत हे चाले, आणि अर्धी सकाळ त्यातच जाई.

टोपी काढण्याचा क्षण चित्तेवानाला अचूक साधावा लागे. काळविटाने मान खाली घातलेली असावी आणि चित्त्याचे तोंड त्याच्याच दिशेला असावे. टोपी निघाली की चित्ता लगेच झेप घेत नाही. डोळे उजेडाला सरावतात, मान हळूहळू फिरते, आणि एकाच जनावरावर नजर ठरली की खांदे ताठ होतात. तेव्हाच दोरी सुटते. तो गाडीच्या पलीकडच्या बाजूने उतरतो, अंग जमिनीशी नेऊन झुडपाच्या, ढेकळांच्या आडाने पुढे जातो आणि अंतर पुरेसे कमी झाल्यावर धाव घेतो. चित्त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जातो, काळविटाचा ऐंशीच्या. पण चित्त्याचा तो वेग काही सेकंदच टिकतो. चार-पाचशे मीटरांत साधले तर साधले. काळवीट दमाने मोठे आहे, त्यापुढे ते हाती लागत नाही. वळणावर चित्त्याची लांब शेपटी त्याचा तोल सांभाळते. गाठताच तो पुढच्या पायाच्या अंगठ्याचे वाकडे नख मागच्या पायाला किंवा पुठ्ठ्याला अडकवून काळवीट पाडतो आणि नरडे धरतो. त्याचे दात वाघासारखे मोठे नाहीत. तो श्वास कोंडून मारतो, आणि त्याला काही मिनिटे लागतात.

चित्तेवान पळत पोहोचतो तोवर चित्ता जबडा घट्ट मिटून, धापा टाकत पडलेला असतो. त्याला ओढून सोडवता येत नाही; ओढले तर तो बिथरतो आणि पुढच्या खेपेला सावज घेऊन दूर पळतो. चित्तेवान बाजूने, ओळखीच्या आवाजात बोलत येतो, सुरीने काळविटाचा गळा चिरतो आणि वाहते रक्त लांब दांड्याच्या लाकडी पळीत धरतो. पळी चित्त्याच्या नाकापुढे आली की तो नरडे सोडून रक्त चाटू लागतो. तेवढ्यात टोपी डोळ्यांवर येते आणि पट्टा आवळला जातो. आपले सावज काढून घेतले गेले हे चित्त्याला जाणवू द्यायचे नाही, यातच सारे कौशल्य. त्याला त्याच्या वाट्याचे मांस तिथेच मिळे. धाव फुकट गेली तर तो जागच्या जागी बसून राही; तेव्हाही चित्तेवान न रागावता त्याच्याकडे जाई. या शिकारींचे नाव राजेरजवाड्यांचे झाले, पण खरी कर्तबगारी या माणसांची होती, आणि त्यांच्याविषयी फार कमी लिहिले गेले ही मोठी उणीव आहे.

1947 मध्ये कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले. भारतातल्या चित्त्यांची ती शेवटची खात्रीची नोंद मानतात. 1952 मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि चित्ते पोसणारा दरबारच राहिला नाही. माळावर पाणी आले, त्यामागून ऊस आला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाच्या शिकारीवर पूर्ण बंदी आहे. मोकळ्या रानातली काळविटे पाहायची तर आता अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीला, सोलापूरजवळच्या नान्नजला किंवा कर्नाटकात राणीबेन्नूरला जावे लागते. सप्टेंबर 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोत नामिबियाहून आठ चित्ते आणले गेले. तेही आफ्रिकेचेच, पण ते रानात सोडण्यासाठी आणलेले. मार्च 2023 मध्ये तिथे एका मादीला चार बछडे झाले.