त्रिरश्मी लेण्यांचे राखणदार कोण?

वैशाख पौर्णिमेला मुलाबाळांसह नाशिकचा डोंगर चढून आलेली अनेक कुटुंबे आपल्यात आहेत. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काडीचाही संबंध नाही. तेथील शिलालेखांतच डोंगराचे नाव 'तिरण्हु' म्हणजे त्रिरश्मी असे कोरलेले आहे.

राजांनी लेणी कोरविली, असे आपण शाळेत शिकलो. ते अर्धेच खरे. अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दारावरील लेख सांगतो की, हे धंभिक गावाचे दान आहे. एका गावाने मिळून दिलेले! जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले.

दहाव्या लेण्यातील हिशेब तर आपल्या भिशीवाल्या बायाबापड्यांनी जरूर समजून घ्यावा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांतील २००० वर दरमहा शेकडा एक व्याज. म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. मुद्दलाला हात लावायचा नाही! हा करार नगरसभेत वाचून दाखविला गेला. लेण्यांचा खर्च अशा रीतीने विणकरांच्या हातून चालत होता.

आज ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित वास्तूची नासधूस करणाऱ्यास आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण भिंतीवर बदामात नावे कोरणारा पोरगा कायदा वाचून थोडाच येतो?

आणि मनाला लागेल, तरी सांगितले पाहिजे. श्रद्धेने मूर्तीपाशी लावलेली मेणबत्ती आणि अगरबत्तीही दगडावर काजळी धरते. ती घासून काढू गेल्यास कोरीव अक्षरही झिजते. वंदना हात जोडून आणि फुले वाहूनही होते.

मंडळांना श्रमदान करायचे असेल, तर आधी खात्याला लेखी पत्र देऊन परवानगी घ्यावी. कागद, बाटल्या, प्लॅस्टिक उचलावे. भिंतीला ब्रश, ॲसिड, चुना, ऑइलपेंट यांतले काहीही लावू नये. ते काम जाणकारांचे.

पुढच्या खेपेला मुलांना अठराव्या लेण्याच्या दारापाशी उभे करा. धंभिक गावाची गोष्ट सांगा. अक्षरे वहीत उतरवून घेऊ द्या, पण त्यांवर बोट फिरवू देऊ नका.