१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेम्लो-संख्येचे गुणधर्म

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ प्रदेशाच्या पश्चिमेस समुद्रकाठचे डहाणू हे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचे जन्मस्थान. त्याच प्रदेशाच्या पूर्वेस, नाशिकजवळची देवळाली ही त्यांची कर्मभूमी. तेथे १९३० पासून १९६२ पर्यंत शालेय अध्यापन करीत असताना त्यांनी संख्याशास्त्राचा व्यासंग केला. त्यांची ६१७४ ही संख्या सर्वपरिचित आहे. डेम्लो-संख्यांची कल्पना मात्र त्यांना डोंबिवली स्थानकावर सुचली व त्या स्थानकाच्या तत्कालीन नावावरून त्यांनी तिला हे नाव दिले. या संख्यांपैकी शीर्षकातील सतरा अंकी संख्येचे गुणधर्म हा दशमान लेखनाचा योगायोग आहे की त्यांमागे काही व्यापक नियम आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या संख्येच्या मधला ९ वगळला असता डावा भाग १२३४५६७८ व उजवा भाग ८७६५४३२१ उरतो. दोहोंची बेरीज ९९९९९९९९, म्हणजे मधल्याच अंकाची आवृत्ती होते. हे डेम्लो-संख्येचे लक्षण होय. शिवाय ही संख्या १११११११११ चा वर्ग आहे. हा गुणाकार मांडल्यास एकेक स्थान सरकलेल्या नऊ ओळी मिळतात व स्तंभांतील एकांची संख्या क्रमाने १, २, … ९, … २, १ अशी येते. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ पेक्षा अधिक नसल्याने हातचा येत नाही. दहा एकांच्या संख्येचा वर्ग केल्यास मात्र मधल्या स्तंभात १० येतात, आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ हे उत्तर येऊन सममिती भंगते.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. प्रस्तुत संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो व तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. हा गुण सर्व भावंडांत नाही. १२१ च्या अंकांची बेरीज ४ असून तिने भाग जात नाही. 'न' एकांच्या संख्येच्या वर्गात, न ९ पर्यंत असेतो, अंकांची बेरीज न चा वर्ग असते. म्हणून न एकांच्या मूळ संख्येस न ने भाग जाणे हीच अट उरते. १ ते ९ पर्यंत ती केवळ १, ३ व ९ यांनाच लागू पडते.

३ चे यश दशमान पद्धतीवर अवलंबून आहे. ९ चे तसे नाही. लेखनपद्धतीचा पाया 'प' (२ पेक्षा मोठा) घेऊन प−१ इतक्या एकांची संख्या मांडावी. प च्या प्रत्येक घातास प−१ ने भागल्यास बाकी १ राहते. अशा प−१ घातांच्या बेरजेची बाकी प−१, अर्थात शून्य ठरते. म्हणून मूळ संख्येस प−१ ने व तिच्या वर्गास प−१ च्या वर्गाने भाग जातो. वर्ग करताना हातचा येत नसल्यामुळे अंकांची बेरीजही तितकीच असते. उदाहरणार्थ, चार पायाच्या पद्धतीतील १११ म्हणजे दशमान २१. त्याचा वर्ग ४४१, त्याच पद्धतीत १२३२१; अंकांची बेरीज ९, आणि ४४१ = ९ × ४९.

तात्पर्य, शीर्षकातील अंक दशमान पद्धतीचे असले, तरी त्या संख्येचे हर्षदत्व प्रत्येक पायातील तिच्या प्रतिरूपास लाभते. अंकांच्या आकर्षक रचनेतून नियम वेगळा करावयाचा असल्यास पाया बदलून पाहणे ही उपयुक्त कसोटी ठरते.