बर्फावरचा तास

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मैदान येतं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत मात्र त्याच शब्दाने बर्फाचा रिंक उभा राहतो. या खेळात खरी टंचाई असते ती बर्फावर मिळणाऱ्या तासाची. सराव आटोपला की झांबोनी नावाचं यंत्र रिंकवर फिरतं. त्याचं पातं वरचा खरवडलेला थर तासून काढतं, मागून गरम पाणी पातळ पसरतं, ते ओरखड्यांत शिरून खालच्या बर्फाशी एकजीव होतं, आणि मग पुढचा संघ उतरतो. दिवसाकाठी असे तास मोजकेच. संध्याकाळचे सोयीचे तास जुन्या संघांकडे, म्हणजे बहुतेक मुलांकडे, वर्षानुवर्षं चालत आलेले असतात. नव्याने येणाऱ्यांच्या वाट्याला भल्या पहाटेचे नाहीतर रात्री उशिराचे उरतात. मुलींना या खेळाची आवड आहे का, हा वाद घालणाऱ्यांनी आधी हे वेळापत्रक पाहावं. आवड आधी दाखवा, संधी मग देऊ, हा हिशेब इथे लागूच पडत नाही.

कारण खेळाच्या घडणीतच आहे. स्केटच्या पात्याच्या तळाला मधोमध खोलगट पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन कडा. वळताना, थांबताना, उलटं धावताना शरीराचा भार या कडेवरून त्या कडेवर न्यावा लागतो, आणि तोही नजर खाली न वळवता. मुलींच्या शालेय आणि कॉलेज हॉकीत प्रतिस्पर्धी खेळाडूला अंगाची धडक मारून पाडायला मनाई आहे. त्यामुळे पक, म्हणजे चेंडूच्या जागी असणारी रबरी चकती, हिसकावायचा तर तिची वाट कोन साधून अडवावी लागते; म्हणजे सगळी मदार पुन्हा पायांवर. हे पाय बहुधा लहानपणीच तयार होतात. अठराव्या वर्षी कॉलेजात आलेल्या मुलीला ‘खेळायची इच्छा आहे का?’ असं विचारण्यात काय हशील? तिचं उत्तर तिच्या गावाने बारा वर्षांपूर्वीच ठरवलेलं असतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठात नेमकं हेच झालं. मुलींच्या क्लबने आपल्याला विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा मिळावा म्हणून केलेले अर्ज 1979 ते 1988 या काळात चार वेळा फेटाळले गेले. शाळांमध्ये मुली हा खेळ फारशा खेळत नाहीत, राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा नाही, खर्च फार, अशी कारणं होती. शाळा म्हणणार कॉलेजात संघ नाही, कॉलेज म्हणणार शाळेत खेळाडू नाहीत! मुली कोर्टात गेल्या आणि 1992 मध्ये जिंकल्या. पण अपिलापर्यंत त्यांचं शिक्षण संपत आलं होतं आणि तेवढ्यावरून निकाल रद्द झाला. अधिकृत संघ व्हायला 1997 उजाडलं. ब्राउन विद्यापीठाच्या पेम्ब्रोक कॉलेजात मुलींचा संघ 1964 मध्येच उभा राहिला होता. त्याच ब्राउनने नव्वदच्या दशकात, दुसऱ्या खेळांवरून चाललेल्या खटल्यात, मुलींना खेळात रस कमी असतो असा बचाव केला. अपील न्यायालयाने तो झिडकारला: रस आणि कौशल्य पोकळीत सहसा वाढत नाहीत, संधी आणि अनुभव मिळाला की वाढतात. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणाऱ्या 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याचा गाभा मला या युक्तिवादात दिसतो.

मिनेसोटा राज्याने उलट वाट धरली. 1994 मध्ये तिथे मुलींच्या हॉकीला शालेय खेळाची मान्यता मिळाली, पुढच्या वर्षी राज्यस्पर्धा झाली, 1997 मध्ये राज्य विद्यापीठाचा संघ उतरला. 2012-13 च्या हंगामात हा संघ एकही सामना हरला नाही: 41 पैकी 41.

मुलींनी मुलांच्याच संघात खेळावं, असं काही जण सुचवतात. लहानपणी ते जमतं. कुमारवयात धडकांचा खेळ सुरू झाला की बहुतेकींची वाट तिथेच खुंटते. खर्चाचा आक्षेप जास्त वजनदार आहे. साहित्य महाग, रिंक महाग, त्यामुळे संधी सुखवस्तू घरांकडे झुकते, हे खरंच आहे. म्हणून तर शाळेचा संघ आणि कॉलेजची शिष्यवृत्ती हवी. प्रेक्षक येत नाहीत म्हणावं, तर 2017 च्या जानेवारीत मॅडिसनला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मुलींचा सामना पाहायला 15,359 लोक आले होते. अशी गर्दी रोज होत नाही, हे मान्य. पण पोहणं, कुस्ती अशा मुलांच्या कितीतरी खेळांचाही खर्च तिकिटांतून निघत नाही, आणि विद्यापीठं ते खेळ शिक्षणाचा भाग म्हणून चालवतात.

त्याच 2017 मध्ये नॉर्थ डकोटा विद्यापीठाने खर्चकपातीत मुलींचा हॉकी संघ बंद केला. पुढच्या फेब्रुवारीत प्याँगचांग ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्ध अमेरिकेचा बरोबरीचा गोल मोनिक लामुरूने केला आणि शूटआउटमधला निर्णायक गोल तिची जुळी बहीण जोसलिनने. दोघी विद्यापीठाच्याच गावच्या, ग्रँड फोर्क्सच्या, आणि त्याच विद्यापीठाकडून खेळलेल्या. तो संघ बंद करणं चूक होतं.